वर्गणीची वही कोणाच्या हाती? स्वतंत्र निर्मात्यासाठी क्राउडफंडिंगचा प्लॅटफॉर्म

पुस्तक, माहितीपट, पॉडकास्ट, चित्रकथा किंवा गाण्यांचा संच तयार करायला पैसा लागतो. तो एकाच प्रकाशकाकडून, निर्मात्याकडून किंवा जाहिरातदाराकडून न घेता अनेक वाचक-प्रेक्षकांकडून थोडा थोडा गोळा करणे म्हणजे क्राउडफंडिंग. मराठीत या गोष्टीला लोकवर्गणी हा जुना आणि नेमका शब्द आहे. देऊळ, शाळा, वाचनालय, गणेशोत्सव हे सारे वर्गणीवर उभे राहिले. आता वर्गणीची वही मोबाइलच्या पडद्यावर उघडते आणि ती सांभाळणारी कंपनी त्याचा मोबदला घेते, एवढाच बदल झाला आहे. म्हणून प्लॅटफॉर्म निवडणे म्हणजे ही वही कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवणे. त्या निर्णयावर हातात येणारी रक्कम अवलंबून असते, आणि वर्गणीदार पुढच्या कामाच्या वेळी सापडणार की नाही हेही.

सह्यांची वही, कंपनीचे भाग आणि दूधसंकलन केंद्र

आधी वर्गणीची तीन जुनी उदाहरणे पाहू. पहिले तमिळनाडूतल्या तंजावर-कुंभकोणम भागातले. कावेरीच्या या सुपीक पट्ट्यावर शतकभराहून अधिक काळ भोसल्यांचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तके छापवली, तेव्हा खर्चाचा प्रश्न राजकोशातून सुटला. विद्येला राजाश्रय होता आणि आश्रयदाता एकच होता.

पुढे हा आधार सरला. याच पट्ट्यातल्या पापनाशमजवळच्या उत्तमदानपुरम गावच्या घराण्यात 1855 साली जन्मलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळ पंडित म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुन्सफ म्हणून तिथे आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियारांनी ‘जीवकचिंतामणी’ या प्राचीन काव्याबद्दल त्यांच्याकडे विचारणा केली. त्या भेटीतून अय्यरांच्या जन्मभराच्या कामाला सुरुवात झाली. ठिकठिकाणची ताडपत्रे मिळवून, पाठ ताडून पाहून त्यांनी 1887 मध्ये ते काव्य छापून प्रसिद्ध केले. पाठोपाठ 1889 मध्ये ‘पत्तुपाट्टु’, 1892 मध्ये ‘शिलप्पदिकारम’, 1894 मध्ये ‘पुरनानूरु’ आणि 1898 मध्ये ‘मणिमेखलै’ निघाले. पगारदार पंडिताला छपाईचा एवढा भार एकट्याने पेलवणारा नव्हता. त्या काळच्या तमिळ ग्रंथव्यवहारात ‘कैयोप्पम्’ म्हणजे सहीची पद्धत रूढ होती. ग्रंथ निघण्याआधीच आपण इतक्या प्रती घेऊ, असे सही करून कबूल करणारे ग्राहक मिळवायचे आणि त्यांच्या भरवशावर छपाई हाती घ्यायची. अय्यरांनी मठाधिपती आणि जमीनदारांच्या मदतीला या सह्यांची जोड दिली. आज ज्याला प्री-ऑर्डर मोहीम म्हणतात, तीच ही कुंभकोणमची जुनी आवृत्ती.

महाराष्ट्रात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी वेगळा मार्ग घेतला. 1916 मध्ये नागपूरला त्यांनी ज्ञानकोशमंडळ ही मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि वर्गणीदार नोंदवले. त्या बळावर ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे 23 खंड पुरे झाले. मराठी प्रकाशक आजही मोठ्या ग्रंथांना प्रकाशनपूर्व सवलत देतात, ती याच परंपरेतली.

तिसरे उदाहरण चित्रपटाचे. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (1976) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि स्मिता पाटील त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन त्याचा 10 लाखांचा खर्च उचलला. गावोगावचे दूधसंकलन केंद्र हीच इथली वर्गणीची वही होती. शेतकरी तिथे रोज येत होता आणि त्याचा हिशेब तिथेच होत होता.

तीन कामे आणि तीन वेगळ्या वाटा, पण सूत्र एकच दिसते. प्रत्येक ठिकाणी पैसा देणारा माणूस आधीपासून ओळखीचा होता, आणि वर्गणी त्याच्या सवयीच्या वाटेने मागितली गेली. प्लॅटफॉर्म निवडताना हीच कसोटी पहिली.

काम एकदाचे की नेहमीचे

क्राउडफंडिंगचे दोन मुख्य प्रकार स्वतंत्र निर्मात्याच्या उपयोगाचे आहेत. पहिला प्रकल्पाचा. एक पुस्तक, एक चित्रपट, ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत. अमेरिकेतील इंडिगोगो 2008 मध्ये आणि किकस्टार्टर एप्रिल 2009 मध्ये याच कामासाठी सुरू झाले. भारतात 2012 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या विशबेरीने कलाप्रकल्पांवर भर दिला. ‘पुण्यकोटि’ या संस्कृत ॲनिमेशनपटासाठी तिथेच निधी जमला होता.

दुसरा प्रकार सदस्यत्वाचा. दर आठवड्याला भाग प्रसिद्ध करणारा पॉडकास्टकार किंवा सतत लिहिणारा लेखक यांना एकदाच मोठी रक्कम मिळण्यापेक्षा दरमहा थोडी पण खात्रीची रक्कम अधिक मोलाची असते. 2013 मध्ये सुरू झालेले पेट्रिऑन, लेखकांसाठीचे सबस्टॅक आणि यूट्यूबचे चॅनल सदस्यत्व या गटात येतात.

हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मासिक खर्च भागवण्यासाठी वर्षातून तीन वेळा प्रकल्पाची मोहीम चालवली, तर तेच वर्गणीदार थकतात. उलट दोन वर्षे चालणाऱ्या माहितीपटासाठी मासिक सदस्यत्व मागितले, तर दाखवायला काही नसलेल्या महिन्यांत सदस्य गळतात. कामाची लय ठरवली की यादीतले निम्मे प्लॅटफॉर्म आपोआप वगळले जातात.

केटो, मिलाप, इम्पॅक्टगुरू ही भारतातील मोठी नावे आहेत, पण त्यांची ओळख मुख्यतः वैद्यकीय उपचार आणि सामाजिक कार्याच्या मदतीची. तिथे येणारा माणूस एखाद्याच्या संकटाला धावून आलेला असतो. त्याच पानावर कवितासंग्रहाची मागणी केविलवाणी दिसते. कलाकृतीच्या वर्गणीदाराला दया नव्हे, सहभाग हवा असतो.

पूर्ण रक्कम की जमेल तेवढी

प्रकल्पाच्या प्लॅटफॉर्मवर दोन पद्धती आढळतात. ‘सगळे किंवा काहीच नाही’ या पद्धतीत मुदतीत पूर्ण उद्दिष्ट गाठले तरच पैसे मिळतात. किकस्टार्टर याच पद्धतीने चालते. उद्दिष्ट हुकले तर देणाऱ्याच्या कार्डावरून रक्कम कापली जात नाही. दुसऱ्या पद्धतीत जमेल तेवढी रक्कम निर्मात्याला मिळते.

दुसरी पद्धत वरवर सोयीची वाटते, पण तिच्यात एक धोका आहे. 4 लाखांच्या छपाईसाठी दीड लाखच जमले, तरी पुस्तक देण्याचे वचन सगळ्या देणगीदारांना दिलेले असते. अपुऱ्या पैशात ते पाळता येत नाही आणि नाव कायमचे खराब होते. म्हणून ज्या कामाला किमान रक्कम लागतेच, त्या छपाई, चित्रीकरण, ध्वनिमुद्रण यांसारख्या कामांना पहिली पद्धत योग्य. शंभराऐवजी साठ चित्रे काढूनही चालेल, अशा लवचिक कामाला दुसरी चालते.

पैसा कोणत्या वाटेने येणार

परदेशी प्लॅटफॉर्म नावाजलेले असले तरी भारतातील निर्मात्याला ते सरसकट उपयोगी नाहीत. किकस्टार्टरवर ज्या देशांतील रहिवाशांना प्रकल्प मांडता येतो, त्या यादीत भारत नाही. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. त्यामुळे साताऱ्याच्या वाचकाला पेपालद्वारे पुण्याच्या लेखकाला पैसे देता येत नाहीत. सबस्टॅकसारखी सेवा ज्या स्ट्राइप कंपनीच्या आधारावर पैसे घेते, ती 2024 पासून भारतात नवी खाती निमंत्रणानेच देते.

मासिक वर्गणीला आणखी एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या नियमित कपातीला ग्राहकाची आधी रीतसर संमती लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी त्याला सूचना द्यावी लागते. ज्या परदेशी प्लॅटफॉर्मने ही व्यवस्था केलेली नाही, तिथे भारतीय कार्डावरची वर्गणी दुसऱ्याच महिन्यात अडते. सदस्य रुसलेला नसतो, पैसे देण्याची वाट बंद झालेली असते. याला उत्तर म्हणजे 2020 मध्ये सुरू झालेली यूपीआय ऑटोपेची सोय. मराठी वाचकांवर अवलंबून असलेल्या निर्मात्याने प्लॅटफॉर्मवर यूपीआय आणि यूपीआय ऑटोपे आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, असा वाचक त्यावाचून दारातूनच परततो.

वर्गणीदार लंडन, न्यू जर्सी किंवा सिंगापूरच्या मराठी कुटुंबांतले असतील तर हिशेब बदलतो. तिथे यूपीआयपेक्षा आंतरराष्ट्रीय कार्ड महत्त्वाचे. दोन्ही प्रकारचे वाचक असतील तर दोन खिडक्या ठेवाव्यात, देशातील वाचकांसाठी भारतीय आणि परदेशस्थांसाठी आंतरराष्ट्रीय. हिशेबाचे काम वाढते, पण कोणी परत जात नाही.

वटणावळ किती

प्लॅटफॉर्मचा मोबदला, म्हणजेच वटणावळ, सहसा तीन थरांत असतो. पहिला थर प्लॅटफॉर्मच्या टक्केवारीचा. किकस्टार्टर 5 टक्के घेते. पेट्रिऑनने ऑगस्ट 2025 पासून नव्या निर्मात्यांसाठी 10 टक्के दर ठेवला. यूट्यूब सदस्यत्वाच्या उत्पन्नातून 30 टक्के स्वतःकडे ठेवते. दुसरा थर पैसे पोचवणाऱ्या पेमेंट कंपनीचा. भारतात तो कार्ड व्यवहारांवर साधारण 2 टक्के असतो. तिसरा थर या दोन्ही शुल्कांवरील 18 टक्के जीएसटीचा.

1 लाख रुपये जमले, असे धरून हिशेब मांडता येतो. 5 टक्के प्लॅटफॉर्मचे म्हणजे 5,000 रुपये, 2 टक्के पेमेंटचे म्हणजे 2,000 रुपये आणि या 7,000 वरचा जीएसटी 1,260 रुपये. हाती 91,740 रुपये राहतात. प्लॅटफॉर्मचा दर 10 टक्के असेल तर कपात 14,160 रुपयांवर जाते आणि हाती 85,840 रुपये उरतात. लाखामागे 5,900 रुपयांचा हा फरक म्हणजे एका छोट्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा खर्च.

छोट्या रकमांवर वेगळे लक्ष हवे. परदेशी व्यवहारांत टक्केवारीबरोबर प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक सेंटही कापले जातात. 3 डॉलरच्या वर्गणीतून 30 सेंट गेले, तर तेवढ्यातच दहा टक्के संपले. शिवाय चलन बदलताना बँकेचा वेगळा दर लागतो. म्हणून परदेशी सदस्यांना दरमहा छोटी रक्कम देण्याऐवजी वार्षिक वर्गणी सुचवणे दोघांच्याही हिताचे.

केवळ कमी दर पाहूनही निवड करू नये. पावत्या, सदस्यांचे प्रश्न, परतावा, फसव्या व्यवहारांवर नजर ही कामे प्लॅटफॉर्म करत असेल, तर तो दर रास्त ठरू शकतो. ही कामे स्वतः करायची तयारी असेल, तर आपल्याच संकेतस्थळावर पेमेंट कंपनीचे पान जोडणे सर्वांत स्वस्त.

यादी कोणाची

वर्गणीच्या वहीतील पैसे खर्च होतात, नावे उरतात. पुढच्या पुस्तकाच्या वेळी पहिला फोन किंवा ईमेल त्याच नावांना जातो. म्हणून सदस्यांचे ईमेल पत्ते आणि हिशेब निर्मात्याला स्वतःकडे उतरवून घेता येतात का, हा प्रश्न टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे. पेट्रिऑन आणि सबस्टॅकवर सदस्यांची यादी उतरवून घेता येते. यूट्यूबच्या सदस्यत्वात मात्र निर्मात्याला सदस्याचा ईमेल मिळत नाही. तिथले नाते यूट्यूबच्याच आवारात राहते. उद्या नियम बदलले, खाते बंद झाले किंवा कंपनीच दुकान आवरून गेली, तर ज्याच्याकडे यादी आहे तो नव्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो. यादी नसलेल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भारतात गेल्या काही वर्षांत क्राउडफंडिंगचे अनेक प्लॅटफॉर्म उघडले, बदलले, थांबले. म्हणून दर महिन्याला यादीची प्रत काढून ठेवण्याची शिस्त हवीच.

कायद्याच्या चौकटी

वर्गणीच्या बदल्यात पुस्तक, अंक, तिकीट किंवा खास भाग मिळत असेल, तर ते व्यवसायाचे उत्पन्न असते आणि त्यावर त्याप्रमाणे कर लागतो. काहीच न देता मिळालेल्या रकमेलाही सूट नाही. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मोबदल्याशिवाय 50,000 रुपयांपेक्षा अधिक मिळाले, तर ती संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. सेवा पुरवून मिळणारी वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांवर गेली की महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत जीएसटी नोंदणी करावी लागते. देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर. एकट्या लेखकाने किंवा दिग्दर्शकाने तसे आश्वासन देऊ नये.

नफ्यात वाटा देण्याचे वचन आणखी जोखमीचे. पवनकुमार यांच्या ‘लुसिया’ (2013) या कन्नड चित्रपटासाठी 110 जणांनी 27 दिवसांत 51 लाख रुपये दिले, आणि त्या यशाने अनेकांना उमेद मिळाली. पण सेबीने 2014 मध्ये या विषयावर चर्चापत्र काढले, तरी लोकांना भाग विकून पैसे उभारण्याच्या ऑनलाइन पद्धतीला मोकळी वाट दिलेली नाही. कंपनी कायद्यानुसार खाजगी कंपनीला एका आर्थिक वर्षात 200 हून अधिक व्यक्तींना भाग देऊ करता येत नाहीत. केतकरांचा मार्ग आज चोखाळायचा तर सनदी लेखापालाचा आणि वकिलाचा सल्ला आधी घ्यावा लागेल. साध्या निर्मात्याने वस्तू, अंक, प्रयोगाची जागा किंवा नामोल्लेख अशी भेट द्यावी, नफ्याचा वाटा देऊ नये.

परदेशातून येणाऱ्या पैशाला परकीय योगदान नियमन कायदा, 2010 लागू होतो. या कायद्याने वृत्तपत्राचे संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या वा चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्यांना परकीय योगदान घेण्यास मनाई आहे. नेहमीच्या व्यवहारात विकलेल्या वस्तूची किंवा सेवेची किंमत योगदानात मोडत नाही. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कमही परकीय ठरत नाही. मात्र ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीयच, मग तो सांगलीचा असो की कोल्हापूरचा. राजकीय विश्लेषणाचे चॅनल चालवणाऱ्या मराठी निर्मात्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा, आणि परदेशी पाठिराख्यांकडून देणगीऐवजी सदस्यत्वाची किंमत घेतानाही तज्ज्ञाला विचारावे.

भेटीचा खर्च

मोहिमा उद्दिष्ट गाठूनही तोट्यात जातात, त्याचे मोठे कारण टपाल. 500 रुपयांच्या वर्गणीवर स्वाक्षरीची प्रत देऊ केली, तर छपाई, वेष्टन आणि पाठवणी धरून प्रत्यक्षात किती उरते, हे मोहिमेआधी मांडावे. टपाल खात्याच्या मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट सेवेत पात्र पुस्तके 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांत आणि 5 किलोपर्यंत 100 रुपयांत देशात कुठेही जातात. परदेशी पाठवणीचा खर्च मात्र पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. त्यामुळे परदेशातील वर्गणीदारांना ई-पुस्तक किंवा ध्वनिमुद्रण देणे शहाणपणाचे. उद्दिष्टाची रक्कम ठरवताना कामाचा खर्च, वटणावळ, भेटींचा खर्च आणि कर या चारही गोष्टी मिळवून आकडा काढावा.

निवडीचा क्रम

नव्या निर्मात्याने प्लॅटफॉर्मच्या जाहिराती बाजूला ठेवून आधी साध्या कागदावर खात्रीच्या पन्नास वर्गणीदारांची नावे लिहावीत. त्यांच्यापैकी किती जण यूपीआय वापरतात, किती जण परदेशात आहेत, किती जणांना छापील प्रत हवी आहे, याची नोंद करावी. मग कामाची लय, पैसे देण्याची सोय, पूर्ण रक्कम की जमेल तेवढी, वटणावळ, यादीची मालकी आणि कायद्याची बाजू या क्रमाने पर्याय तपासावेत. पहिल्या मोहिमेचा आकडा लहान ठेवावा आणि दिलेली तारीख पाळावी.

देशातील वाचकांसाठी एकच पुस्तक काढणाऱ्या लेखकाला मोठ्या प्लॅटफॉर्मची गरजच नसते. प्रकाशनपूर्व नोंदणीचे पान आणि यूपीआय त्याला पुरते. चित्रपट किंवा मोठ्या प्रकल्पाला मुदत, उद्दिष्ट आणि पैसे परत करण्याची हमी देणारा भारतीय प्लॅटफॉर्म योग्य. नियमित पॉडकास्ट वा लेखन करणाऱ्याने यूपीआय ऑटोपे असलेले आणि यादी हाती देणारे सदस्यत्व निवडावे. यूट्यूबवर मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्याने तिथले सदस्यत्व जरूर सुरू करावे, पण 30 टक्के वाटा आणि यादीचा अभाव लक्षात घेऊन ईमेलची स्वतंत्र नोंदणीही ठेवावी.

कोणताही प्लॅटफॉर्म वाचक आणून देत नाही. तो फक्त आलेल्या वाचकाची नोंद घेतो. कुंभकोणमच्या पंडितासाठी सह्या करणारे लोक त्याच्या विद्येवर विश्वास ठेवून पुढे आले होते, वहीच्या कागदावर नव्हे. स्वतंत्र निर्मात्याने आधी असा विश्वास कमवावा, मग त्या विश्वासाला सर्वांत कमी खर्चात आणि सर्वांत सोप्या वाटेने पोचवणारा प्लॅटफॉर्म घ्यावा, आणि वर्गणीदारांची यादी शेवटपर्यंत स्वतःच्या हाती ठेवावी.